सुकाणू हाललं का?

पत्र्याच्या ट्रंकेत एकूण तेवीस वस्तू होत्या. पंख दोन. धड एक. शेपटीचे तुकडे दोन, एक आडवा, एक उभा. चाकं तीन. लिंबाएवढं इंजिन एक आणि त्याच्या नाकावर बसवायची लाकडी पाती दोन. वायरलेसच्या पेट्या दोन: एक विमानाच्या पोटात ठेवायची, काड्यापेटीएवढी, दुसरी हातात धरायची, मधोमध एकच बटण असलेली. ओढून लांब करायची एरियल एक. सुकाणू हलवणारी कळ एक, तिला पीळ देण्याच्या रबराची गुंडाळी एक, तेलाची टाकी एक, टाकीची नळी एक, स्क्रू चार, आणि कुणा साहेबाचा इस्त्रीचा रुमाल एक. माहितीपत्रक शून्य.

जोतीरामनं हे सगळं दोनदा मोजलं. एकदाच मोजलेल्या गोष्टीला तो मोजलेली म्हणत नसे.

ट्रंक आणली होती अर्जुनामामानं. मामा फौजेत हवालदार. त्र्याहत्तरच्या दिवाळीला तो सुट्टीवर निघाला, तेव्हा त्याच्या साहेबाची बदली झाली होती आणि मेमसाहेबांनी सांगितलं होतं की नव्या बंगल्यात एक तर हे विमान येईल नाही तर मी येईन. साहेबांनी बराच विचार करून मेमसाहेबांना नेलं. विमान मामाच्या गळ्यात पडलं आणि मामानं ते कुंडलच्या पल्याडच्या बोरबनवाडीला आणून भाच्याच्या पुढ्यात ठेवलं.

"तू बीएस्सी हायस. ह्ये तुजं काम. बटण एकदा दाबलं की शेपटीचं सुकाणू उजवीकडं, दोनदा दाबलं की डावीकडं. पर साहेब लय कडक हुते बाबा. तोल बघायचा, कळ बघायची, मग लांब जाऊन वायरलेस पोचतंय का बघायचं. पहले चेक, बाद में फ्लाय. येक जरी चेक फेल, तर विमान ट्रंक में."

एवढं सांगून मामा सुट्टी संपवून गेला. भाच्याला मात्र सुट्टीच सुट्टी होती. जूनमध्ये जोतीराम सांगलीहून पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गात पास होऊन आला, त्याला आता सहा महिने होत आले होते, आणि या काळात वाडीनं त्याचं नाव टाकून दिलं होतं. त्याला सगळे 'बीएस्सी' म्हणत. "काय बीएस्सी, लागली का?" हा प्रश्न विहिरीवर, गिरणीत, न्हाव्याकडे, इतकंच काय, मयतीला खांदा देतानासुद्धा विचारला जाई. शेवटी त्यानं न्हाव्याकडे जाणं बंद केलं. दाढी वाढली. मग लोक म्हणू लागले, बीएस्सीनं दाढी ठेवली, म्हणजे काही खरं नाही.

असा माणूस ट्रंकेत डोकं घालून बसला तर त्यात नवल नाही.

पहिली परीक्षा तोलाची. पंखांखाली दोन बोटं धरून विमान उचललं की ते सरळ राहिलं पाहिजे. ते शेपटीवर बसलं. नाकात वजन हवं होतं, आणि तेही थोडं थोडं कमी करता येईल असं. जोतीरामनं घरातले सगळे पदार्थ डोळ्यांखालून घातले आणि गुळाची निवड केली. निवड शास्त्रीय होती: गूळ चाकूनं हवा तेवढा तासता येतो, चिकटतो, आणि त्यांच्या घरात तो कधी कमी पडत नसे. तासतासून त्यानं असा तोल साधला की विमान बोटांवर मांजरासारखं निजलं. सकाळी पाहतो तर ते पुन्हा शेपटीवर. त्यानं आधी स्वतःच्या बोटांवर संशय घेतला, मग हवेतल्या ओलाव्यावर. इंजिनामागून मुंग्यांची रांग निघून भिंतीपर्यंत गेलेली दिसली तेव्हा त्यानं गुळाचा नाद सोडला आणि पंपाच्या इंजिनाचे जुने नट नाकात कोंबले.

आता इंजिनाचं खाद्य. ते तीन गोष्टींचं: रॉकेल, एरंडेल आणि ईथर. रॉकेलची तेव्हा टंचाई. बाटली घेऊन तो शेजारच्या अंबूबाईंकडे गेला.

"कशाला रं तुला राकेल?" अंबूबाईंनी विचारलं.

"जाळायला," जोतीराम म्हणाला. उत्तर अचूक होतं.

एरंडेल आणायला तो दुकानात गेला, तर दुकानदारानं बाटली देण्याआधी मोठ्यानं विचारलं, किती दिस झाले? दुकानात बसलेल्या मंडळींनी सोनामुखीपासून गरम दुधात तुपापर्यंत उपाय सुचवले, आणि एका म्हाताऱ्यानं तर स्वतःच्या पोटाची तीस वर्षांची हकीगत सांगून, बसून राहणाऱ्या माणसाला हे व्हायचंच, असा शेवट केला. जोतीरामनं मान खाली घालून सगळं ऐकलं. विमानासाठी हवंय म्हणून सांगितलं असतं, तर त्याहून वाईट झालं असतं असं त्याला वाटलं. इथं त्याचं चुकलं.

ईथर डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे मिळालं. बाटली देताना कंपाउंडर म्हणाला, "जपून. भूल द्यायचं औषध आहे हे. जास्त हुंगलं तर माणूस उठायचा नाही." आणि बाकावर इंजेक्शनसाठी कोण बसलं होतं? अंबूबाई.

त्या दिवसापासून घरात काही बदल झाले. जोतीराम निरीक्षणात तरबेज होता, त्यामुळे ते त्याच्या लगेच ध्यानात आले. अर्थ मात्र एकाचाही लागला नाही. विहिरीचा दोर रोज संध्याकाळी घरात येऊ लागला. अंगणातली कपडे वाळत घालायची तार गेली. उसावर मारायच्या औषधाचा डबा गेला. म्हशीचं दावंसुद्धा गेलं, त्यामुळे म्हैस अंबूबाईंच्या मक्यात शिरली, आणि अंबूबाई, ज्या एरवी एका कोंबडीवरून गाव गोळा करत, म्हणाल्या, "खाऊ द्या बिचारीला." ऐन पौषात, दात वाजायच्या थंडीत, जोतीरामचे वडील, आबा, त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर घोंगडं टाकून झोपू लागले. विचारलं तर म्हणाले, "आत लय उकडतंय."

पण सगळ्यात मोठा बदल आबांमध्येच होता. आकाराम पाटील 'न्हाई' म्हणण्याबद्दल आसपासच्या चार गावांत प्रसिद्ध होते. उसनं मागायला आलेल्याला न्हाई, वर्गणीला न्हाई, सोयरीक घेऊन आलेल्याला चहा पाजून न्हाई. एकदा कुस्तीच्या फडात पंचांनी बरोबरी जाहीर केली तेव्हा हजारभर माणसांतून एकटे उठून ते "न्हाई!" म्हणाले होते. ते आबा गेले कित्येक दिवस प्रत्येक गोष्टीला 'व्हय' म्हणत होते. जोतीराम म्हणाला, आमटीत मीठ कमी आहे. आबा म्हणाले, "व्हय, कमी हाय." दोन घास खाल्ल्यावर जोतीराम म्हणाला, नाही, जास्तच आहे. आबा म्हणाले, "व्हय, लय जास्त हाय." आई, रंगूबाई, चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. धूर असेल असं जोतीरामला वाटलं.

एवढ्यात नानासो गुरुजी मध्ये पडले. गुरुजी शाळेचे मुख्याध्यापक आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यातल्या टपाल कचेरीचे पोस्टमास्तरही. मुख्याध्यापकानं आधी निरोप पाठवला: सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर माळावर सगळ्या शाळेसमोर विमान उडवावं, विज्ञानाचा प्रसार होईल. जोतीराम होकार द्यायला गेला तर टेबलापलीकडून पोस्टमास्तर बोलला.

"पण लायसन? रेडिओला लायसन लागतं."

"हा तसला रेडिओ नाही, गुरुजी."

"कुठली कुठली केंद्रं लागतात यावर?"

"एकही नाही. हा ऐकायचा नाहीच. हा सांगतो."

"सांगतो?" गुरुजींनी चष्मा काढला. "म्हणजे तू बोरबनवाडी आकाशवाणी काढतोयस काय?"

"फक्त 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' एवढंच सांगतो."

"आकाशवाणी तरी दुसरं काय सांगते," गुरुजी पुटपुटले आणि भिंतीला कान असतात हे आठवून त्यांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी पोस्टमास्तर म्हणून वरच्या कचेरीला विचारणा केली आणि मुख्याध्यापक म्हणून उत्तराची वाट न पाहता गावात दवंडी दिली.

दवंडी ऐकल्यावर जोतीरामची झोप उडाली. सव्वा किलोचं विमान, तासाला तीस मैलांचा वेग, नाकावर सुरीसारखं फिरणारं पातं, आणि खाली शाळेची सगळी पोरं. वायरलेस नीट पोचला नाही तर विमान कुणाचं ऐकणार नव्हतं. साहेबांचा नियम मामानं सांगून ठेवला होता: एरियल मिटवलेली ठेवून शंभर फुटांवरून बटण दाबायचं. तिथं सुकाणू हललं तर उडताना काळजी नाही. हललं नाही तर ट्रंक.

पण माणूस एकच असेल तर ही परीक्षा होत नाही. बटण इकडे, सुकाणू तिकडे. शंभर फुटांवरून करंगळीएवढी फळी हललेली दिसत नाही. विमानाजवळ कुणीतरी बसून सांगायला हवं. आबा आपण होऊन म्हणाले, "मी बसतो की."

माळावर एका धोंड्यावर आबा विमान मांडीवर घेऊन बसले. बारशातलं मूल घ्यावं तसं. जोतीराम पेटी घेऊन निघाला. पन्नास फुटांवर थांबून त्यानं बटण दाबलं आणि हाक मारली, "आबा, हाललं का?"

"हाललं!"

शंभर फुटांवर पुन्हा.

"हाललं रं! झाक हाललं!"

परीक्षा इथंच संपली होती. पण कुतूहल वाईट. जोतीराम दोनशे फुटांवर गेला. हाललं. ओढ्यापलीकडे गेला. हाललं. टेकाडावर चढला. आबा आता मुठीएवढे दिसत होते, पण आवाज खणखणीत: "हाललं!" जोतीरामच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा सेलांवर, मिटलेल्या एरियलनं, एवढं अंतर? अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो हे त्यानं कागदावर कितीदा सिद्ध केलं होतं. आज बोरबनवाडीच्या माळावर ते खोटं ठरत होतं. असं काही सापडलं तर माणसाला 'लागली का' असं पुन्हा कुणी विचारणार नाही, असाही एक विचार येऊन गेला.

तो एका बाभळीखाली बसला, पेटी उघडली आणि सेल किती गरम झालेत हे पाहायला ते बाहेर काढून तळहातावर घेतले.

"हाललं!" खालून आवाज आला. "आता तर लयच हाललं!"

जोतीरामनं सेलांकडे पाहिलं आणि ते मुठीत धरले. मग उठून खाली आला.

"आबा, खरंच हाललं?"

"हाललं की. चार-पाच येळा हाललं."

"कुठल्या बाजूला?"

आबांनी विमानाकडे पाहिलं, मग पोराच्या तोंडाकडे. "तुला कुठल्या बाजूला पायजे हुतं?"

जोतीरामनं मूठ उघडून सेल दाखवले. आबांनी ते पाहिले. त्यांना पेटीतलं फारसं कळत नव्हतं, पण बैलाशिवाय गाडी चालली असं आपण सांगितलंय एवढं कळलं.

"मग वाऱ्यानं हाललं आसंल."

"वारा आहे का आत्ता?"

"न्हाई," आबा म्हणाले आणि शिवी गेल्यासारखा तोंडावर हात ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. "तुज्या आईनं शपत घातलीया मला. पोराला न्हाई म्हनायचं न्हाई. अंबू सांगत आली, पोरगं राकेल, एरंडेल आन् भुलीचं औषद गोळा करतंय. राकेल कशाला इचारलं तर म्हनतंय जाळायला. नोकरी न्हाई, कुनाशी बोलत न्हाई, दाडी वाडवलीया..." त्यांनी विमानाच्या पंखावरची नसलेली धूळ पुसली.

"आबा, ते इंजिनाचं खाद्य आहे. तिन्ही मिसळून टाकीत घालायचं असतं."

"त्ये आता कळलं. तवा कुटं कळलं हुतं?"

"म्हणून तुम्ही दारात झोपत होता?"

"मग काय, उकडत हुतं काय मला?"

जोतीराम त्यांच्याशेजारी धोंड्यावर बसला. आपण घरात बसून दोन बोटांवर विमानाचा तोल बघत होतो, तेव्हा दोन माणसं श्वास रोखून आपल्याकडे बघत होती, हे त्याच्या एकाही निरीक्षणात आलं नव्हतं. शेवटी त्याला जे नीट बोलता येत होतं तेच तो बोलला.

"आबा, सव्वीस तारखेला पोरं उभी राहणार. सुकाणू हाललं नसताना तुम्ही हाललं म्हणालात, तर विमान कुणाच्या तरी डोक्यात जाईल. न्हाई असेल तर न्हाई म्हणायचं."

"आन् तुला वाईट वाटलं तर?"

"वाटेल. वाटू द्या. त्यानं मला काही होत नाही."

आबांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. बाजारात बैलाचे दात बघावेत तसं.

"मग येक सांगू?"

"सांगा."

"ती दाडी काड. बोकड दिसतंस. आन् त्या दिशी आमटीत मीठ येकदम बराबर हुतं."

घरी जाऊन तपासलं तेव्हा सुकाणू न हलण्याचं खरं कारण सापडलं. विमानातल्या पेटीला जन्मजात तीन फूट तार होती. ती मागं लोंबती ठेवायची, तिच्यावरच सगळं ऐकू येतं. आता ती वीतभर उरली होती. जोतीरामनं आईला हाक मारली. रंगूबाई आत गेली आणि धान्याच्या कणगीमागून एक गाठोडं घेऊन आली. त्यात विहिरीचा जुना दोर, वाळवणाची तार, म्हशीचं दावं, पायजम्याच्या दोन नाड्या, आणि विमानाची सव्वादोन फूट तार होती.

"लांब दिसंल त्ये समदं काडलं," ती म्हणाली. "मला काय ठावं, कशाला काय लागतंय."

"पायजम्याची नाडीसुद्धा, आई?"

"हसतुयास व्हय? हस." तिनं पदर तोंडाला लावला. "नोकरी न्हाई आली तर ऱ्हाऊ दे. तू हाक मारल्यावर जेवाय येत जा म्हंजे झालं."

तार कथलाचा डाग देऊन जोडली. दाढी काढली. सव्वीस जानेवारी आली.

झेंडावंदनानंतर सगळी वाडी माळावर लोटली. पोरांच्या रांगा, त्यांच्यापुढे गुरुजी, शाळेच्या लांब उडीची मोजफीत हातात घेऊन. पहाटेपासून जो येईल तो म्हणे, बीएस्सी, एकदा हालवून दाखव की, आणि जोतीरामनं कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. आबा धोतर खोचून त्याच धोंड्यावर बसले. गुरुजींनी फीत धरून शंभर फुटांवर चुन्याची रेघ मारली. जोतीराम रेघेवर उभा राहिला, एरियल मिटवली, बटण दाबलं.

"आबा, हाललं का?"

आबा वाकून सुकाणूकडे बघत होते. त्यांनी मान वर केली, पोराकडे पाहिलं, मग पुन्हा सुकाणूकडे. जोतीरामला शंभर फुटांवरूनही त्यांच्या मिशा हललेल्या दिसल्या. मग आबा उभे राहिले आणि कुस्तीच्या फडात ओरडले होते त्याच आवाजात म्हणाले,

"न्हाई! न्हाई हाललं!"

पोरं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "इमान बी बीएस्सीच झालंय, जाग्यावरनं हालंना." मोठी माणसंही हसली. जोतीरामचे कान तापले.

"आकारामराव," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "नीट बघा. थोडंसं हाललं असेल."

"न्हाई."

"अहो, सगळा गाव जमलाय."

"म्हनूनच न्हाई."

आता अंबूबाईंना राहवेना. "आवं आकारामभाऊ, म्हना की हाललं! पोराचं तोंड तरी बगा!"

"तोंडाकडं बगूनच म्हनतुया," आबा म्हणाले आणि पुन्हा धोंड्यावर बसले.

जोतीराम परत आला. त्यानं कळ तपासली, रबराचा पीळ तपासला, तार तपासली, शेवटी सेल जिभेला लावून पाहिले. चव जवळजवळ नव्हती. सकाळपासून हालवून दाखवता दाखवता ते संपले होते.

"सेल हवेत," तो म्हणाला.

उसाला पाणी रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा द्यावं लागे, म्हणून वाडीत बॅटरीशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. पण पहिल्या पुढे आल्या त्या अंबूबाई. त्यांनी कमरेची बॅटरी काढून तिचं बूड फिरवलं आणि सेल जोतीरामच्या हातावर ठेवले. "काल घातल्यात. जाळायला तर न्हाई न्हवं न्हेत?" त्या म्हणाल्या, आणि यावेळी जोतीरामही हसला.

तो पुन्हा रेघेवर गेला. बटण दाबलं.

"हाललं!" आबा ओरडले, आणि कुणी विचारायच्या आत, "उजवीकडं!"

दोनदा दाबलं.

"डावीकडं!"

टाळ्या झाल्या. गुरुजी म्हणाले, "झालं, आता उडव." पण जोतीराम मागं मागं सरकत होता. "गुरुजी, फीत सोडा. कुठवर पोचतंय ते बघू." गुरुजींनी घड्याळ पाहिलं, उसासा टाकला आणि फीत सोडली. दर दहा फुटांवर जोतीराम थांबे, बटण दाबी, आणि आबा सुकाणूला नाक लावून, घाई न करता, सांगत. पोरंही आता आबांच्या उत्तराआधी श्वास धरत होती.

एरियल मिटलेली, वारा नाही, सेल अंबूबाईंच्या बॅटरीतले. एकशे सत्तर फुटांवर हाललं. एकशे ऐंशी फुटांवर हाललं नाही.